अंगठा उमटत नाही

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या गेटपाशी,
भिंतीवर एक यंत्र आहे, साबणाच्या वडीएवढं.
अंगठा ओळखला की म्हणतं, थँक यू.
नाही ओळखला तर, प्लीज ट्राय अगेन.
दोन्ही एकाच आवाजात.

खानविलकरांचा अंगठा ते ओळखत नाही.
मी हजेरीच्या खिडकीतून पाहते:
पँटला पुसतात, फुंकर घालतात, पुन्हा टेकवतात,
मागे रांग खोळंबते, कुणीतरी गुजरातीत हसतं.
ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळणारा माणूस,
बाराशे वेढ्यांत एक चुकू न देणारा,
हाताच्या रेषा कुठे सांडून आला?

पगाराची स्लिप न्यायला आले तेव्हा विचारलं.
"सोडा," म्हणाले.
मला वाटलं, विषय सोडा.
"धुण्याचा सोडा हो. रोज चादरी असतात."

मग तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
सलाटवाड्यात दोन खोल्या. धाकटा भाऊ, दिगंबर,
एक्केचाळीस वर्षांचा. दाढी करून द्यावी लागते,
घास भरवावा लागतो.
आई गेली तेव्हा थोरल्याच्या वाट्याला
तिची दोन पितळी पातेली आली, आणि दिगू.
आकडी येते ती बहुतेक पहाटे.
आली की त्याला कुशीवर वळवून बसायचं
आणि घड्याळ बघायचं,
कारण डॉक्टर विचारतात, किती मिनिटं.
नंतर मी विचारते,
किती मिनिटं उशीर.

मार्चमध्ये केतनभाईंनी यादी मागितली,
महिन्यात सहाच्या वर लाल खुणा असलेल्यांची.
पाच नावं निघाली.
एकेकाला बोलावून कारण विचारलं. हे माझं काम नव्हतं.
रमीलाबेनची सासू घराचा रस्ता विसरते.
रफीकभाईंच्या वडिलांना मंगळवार-शुक्रवार डायलिसिस.
एकाला नुसतीच झोप आवरत नाही, तेही लिहिलं.
कारणाला रकाना नव्हता, पेन्सिलीनं आखला.
आश्रितांच्या फॉर्मवर पत्नी आहे, अपत्यं आहेत, आईवडील आहेत.
भाऊ कुठे बसवायचा ते छापलेलं नाही.

केतनभाईंनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं.
"बेन, आ तो कारखानुं छे. धर्मशाळा नथी."
म्हटलं, अकरा वर्षांत खानविलकरांच्या टेबलावरचा
एक नग परत आलेला नाही.
नवा माणूस तयार व्हायला आठ महिने.
आधी हिशेब करा, दयेचं मागाहून बघू.
पंख्याखाली कागद फडफडत राहिला.
"पण आ केटला दहाडा चालशे?"

बरं झालं, हे त्यांनी मला विचारलं.
खानविलकरांना विचारलं असतं तर
त्यांना भावाच्या मरणाची तारीख सांगावी लागली असती.

मिळालं ते एवढं:
पावणेदहाची वेळ, संध्याकाळी तेवढंच जास्त थांबणं.
फोन लॉकरमध्ये नाही, टेबलावर, आवाज चालू ठेवून.
पगारी रजेचं म्हणाले, जोईशुं.
अजून जोईशुंच चाललंय.
रफीकभाईंचं कशातच बसलं नाही,
ते दिवाळीआधी सोडून गेले. मी त्यांचं कार्ड
ड्रॉवरमध्येच ठेवलंय, का ते माहीत नाही.

यंत्राला मात्र कुणी समजावू शकलं नाही.
शेवटी कपाटातून जुना मस्टर काढला,
धूळ झटकली, एका माणसासाठी एक पान.
रोज ते खिडकीशी वाकतात,
भिंतीवरचं घड्याळ नीट बघतात,
सही करतात. बोटांना डेटॉलचा वास.
काल लिहिलं, नऊ सत्तेचाळीस.

पंचेचाळीस लिहिलं असतं तरी
मी मान वर केली नसती.